ओळख नाही, प्रकाशक नाही, पुस्तक मात्र छापून तयार : स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करत असल्यामुळे पहिलं पुस्तक स्वतःच्या पैशानं काढणारी माणसं रोज भेटतात. फाईल प्रेसला जाईपर्यंत त्यांचे प्रश्न कागदाचे आणि मुखपृष्ठाचे असतात. गठ्ठे घरी आले की प्रश्न बदलतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. पुस्तक मराठी आहे, छापील आहे आणि लेखकाचं नाव अजून कोणाच्या कानावर गेलेलं नाही, एवढं गृहीत धरलं आहे.

मला कोणी ओळखत नाही. माझं पुस्तक विकत कोण घेणार?

तुम्हाला ओळखणारे तर फारसे घेणार नाहीतच. नातेवाईक, सोसायटीतले, ऑफिसातले लोक कौतुक करतात, तुमच्यासोबत फोटो काढतात आणि "आम्हाला एक प्रत हवी हं" म्हणतात. पैसे देऊन घेणारे त्यातले मोजके. त्यात राग मानण्यासारखं काही नाही, कारण त्यांचा जिव्हाळा तुमच्याशी आहे, पुस्तकाच्या विषयाशी असेलच असं नाही.

लेखकाला वाचक नसला तरी विषयाला बहुधा असतो. समजा, एसटीत आयुष्यभर वाहक म्हणून काम केलेल्या माणसानं आठवणी लिहिल्या. त्याचं नाव साहित्यात कोणी ऐकलेलं नाही. पण एसटीची अडीचशेच्या आसपास आगारं आहेत, तिथे हजारो कर्मचारी आहेत, निवृत्तांचे मेळावे भरतात, आगारागणिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, आणि लाल गाडीवर जीव असणारे हौशी लोक फेसबुकवर गाड्यांचे फोटो टाकत बसलेले असतात. हा वाचक तयार आहे. त्याला फक्त पुस्तक निघाल्याचं कळलेलं नाही. तेच कुस्तीच्या तालमींचं, देशी बियाण्यांचं, एखाद्या खोऱ्यातल्या धरणग्रस्तांचं, गावच्या ग्रामदैवताचं.

म्हणून छापखान्यात जाण्याआधी एक वही घ्या. हे पुस्तक हातात पडल्यावर "अरे, हे तर आपलंच!" असं कोण म्हणेल, त्यांची नावं लिहा. "तरुण पिढी", "सर्व वयोगटातील रसिक" वगैरे नको. माणसं, संस्था, मंडळं, ग्रुपांचे अ‍ॅडमिन, त्या विषयावर लिहिणारे पत्रकार. शंभर नावं होत नसतील, तर पुस्तक कोणासाठी आहे ते तुमचंच अजून ठरायचं आहे.

किती प्रती छापू? प्रेसवाला म्हणतो, हजार छापल्या तर प्रत स्वस्त पडते.

प्रत स्वस्त पडते, हे खरं. बिल मोठं होतं, हेही खरं. हजाराची आवृत्ती ही ऑफसेटच्या काळातली सवय आहे. तेव्हा प्लेट आणि मशीनचा खर्च निघायला तेवढ्या प्रती लागायच्या. आता डिजिटल छपाईत शंभर-दोनशे प्रतीही निघतात आणि संपल्या की आठवड्याभरात पुन्हा छापता येतात. ओळख नसलेल्या लेखकानं दोनशे ते तीनशेच्या वर जाऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. बहुतेक जण पाचशेवर तडजोड करतात आणि उरलेले गठ्ठे दिवाणाखाली जातात.

आकडा ठरवायची आणखी चांगली रीत म्हणजे आधी नोंदणी घेणं. प्रकाशनपूर्व सवलत मराठीत जुनीच आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी कंपनी काढली, तिचे भाग म्हणजे शेअर विकले आणि गावोगाव हिंडून वर्गणीदार जमवले. आपण काही ज्ञानकोश काढत नाही. तरी तत्त्व तेच : पैसे भरलेली नावं किती, ते बघून छपाई ठरवायची. मुखपृष्ठ, दहा पानांचा एक चांगला अंश, सवलतीची किंमत, पुस्तक मिळण्याची नक्की तारीख आणि यूपीआयचा क्यूआर कोड एवढं पुरतं. तारीख मात्र पाळा. एकदा पैसे घेऊन तीन महिने ताटकळत ठेवलं, की तो वाचक तुमच्या दुसऱ्या पुस्तकाकडे ढुंकूनही बघणार नाही.

किंमत किती ठेवू?

हा प्रश्न हिशेबानंच सुटतो, म्हणून एक मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या प्रेसचे घालून बघा.

डेमी आकार, १६० पानं, ३०० प्रती. कागद, छपाई, बांधणी मिळून प्रतीला ९५ रुपये धरू. मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ यांचे एकरकमी २५,००० रुपये. छापील किंमत २५० रुपये.

पुस्तक वितरकाला ४५ टक्के सवलतीनं दिलं, तर हातात १३७ रुपये ५० पैसे येतात. छपाई वजा जाता उरले साडेबेचाळीस. तीनशेच्या तीनशे प्रती खपल्या तरी १२,७५० रुपये. म्हणजे सुरुवातीचे २५,०००सुद्धा भरून निघत नाहीत.

तीच प्रत वाचकाला थेट १५ टक्के सवलतीनं विकली, तर २१२ रुपये ५० पैसे येतात. छपाई वजा करून टपाल आणि पाकिटाचे ३० रुपयेही तुम्ही सोसलेत, तरी साडेसत्त्याऐंशी उरतात. तीनशे प्रतींचे २६,२५०. कसाबसा खर्च निघाला. आणि यात फुकट वाटलेली एकही प्रत धरलेली नाही.

यातून दोन गोष्टी दिसतात. छोट्या आवृत्तीला थेट विक्रीशिवाय गती नाही. आणि पहिल्या पुस्तकातून कमाईची अपेक्षा धरू नये, पैसे परत आले तरी पुष्कळ. त्यामुळे किंमत "लोकांना परवडावी" म्हणून १२० ठेवण्यात अर्थ नाही. ज्याला विषय हवा आहे तो अडीचशे देतो. ज्याला नको आहे तो ऐंशीलाही घेत नाही.

कराचं थोडक्यात : छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही. छपाईच्या बिलावर तो लागतो आणि तुमची विक्री करमुक्त असल्यामुळे तो परत वळता करून मिळत नाही. म्हणून प्रेसचा दर विचारताना करासह विचारा.

प्रकाशन समारंभ करावा का?

करायचा तर घरचं कार्य म्हणून करा, विक्रीचा उपाय म्हणून नको.

मराठी लेखकाचा सगळ्यात मोठा जाहिरातखर्च इथे होतो आणि तो जाहिरात म्हणून मोजलाही जात नाही. सभागृहाचं भाडं, फ्लेक्स, निमंत्रणपत्रिका, पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, चहा-बटाटेवडा, वर छायाचित्रकार. प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं. ते प्रस्तावनेच्या आधारानं वीस मिनिटं बोलतात आणि उरलेली वीस मिनिटं स्वतःच्या पुस्तकाबद्दल. अध्यक्ष वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासाबद्दल बोलतात. श्रोत्यांत बहुतेक नातेवाईक असतात आणि त्यांना प्रती भेट मिळालेल्या असतात. विक्रीच्या टेबलावर पुतण्याला बसवलेलं असतं आणि त्याच्याकडे सुट्टे पैसे नसतात.

हाच पैसा वेगळ्या तऱ्हेनं वापरता येतो. वहीतल्या शंभर नावांपैकी एखाद्या संस्थेच्या ठरलेल्या कार्यक्रमात अर्धा तास मागून घ्या. धरणग्रस्तांच्या पुस्तकाचं प्रकाशन धरणग्रस्तांच्या मेळाव्यात व्हावं, तमाशावरचं पुस्तक जत्रेच्या गावात निघावं. सभागृह त्यांचं, माणसं त्यांची, आणि समोर बसलेला प्रत्येक जण संभाव्य गिऱ्हाईक. मोठ्या नावाच्या पाहुण्यापेक्षा पुस्तक खरोखर वाचलेला आणि त्यातली दोन पानं चांगली वाचून दाखवणारा माणूस बोलवा. चांगलं वाचन झालं की टेबलाभोवती माणसं थांबतात, हे वारंवार दिसतं. क्यूआर कोड मोठा छापून लावा. सही करायला पेन घेऊन स्वतः टेबलाशी बसा, पाहुण्यांसोबत आतल्या खोलीत चहा घेत बसू नका.

"एवढे पैसे भरा, छपाईपासून मार्केटिंगपर्यंत सगळं आम्ही बघतो" असं सांगणाऱ्या कंपन्यांचं काय?

छपाई आणि मांडणीची सेवा म्हणून काही ठीक असतात. मार्केटिंग या शब्दाखाली नेमकं काय येतं, ते लेखी मागा. बहुतेक वेळा यादी अशी निघते : ऑनलाइन दुकानात नोंद, कंपनीच्या पानावर एक पोस्ट, एक प्रसिद्धिपत्रक, एक प्रमाणपत्र. ऑनलाइन नोंद म्हणजे विक्री नव्हे. लाखो पुस्तकांच्या गर्दीत तुमचं एक पान तयार झालं, एवढाच तिचा अर्थ.

आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे कोणी वेगळे लावत असेल तर सावध व्हा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन आहे आणि लेखक स्वतःच प्रकाशक म्हणून नोंदणी करू शकतो. आणखी तीन गोष्टी करारात बघा : हक्क कोणाकडे राहतात, मांडणीची मूळ फाईल तुम्हाला मिळणार का, आणि विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी येणार. मूळ फाईल मिळत नसेल तर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा त्यांच्याच दारात जावं लागतं.

दुकानदार पुस्तक ठेवून घेत नाहीत. काय करू?

त्यांच्या बाजूनंही बघा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत दादरला दुकानातली एकेक फूट जागा महाग असते. नाव नसलेल्या लेखकाचं पुस्तक फळीवर ठेवलं, म्हणजे खपणारं एक खाली काढावं लागतं. त्यामुळे सगळीकडे पाच-पाच प्रती टाकण्यापेक्षा दोन-तीन दुकानं निवडा आणि तिथे गिऱ्हाईक पाठवा. "पुस्तक अमुक दुकानात मिळेल" असं तुमच्या प्रत्येक संदेशात लिहिलंत आणि महिन्याभरात चार जणांनी जाऊन मागितलं, की दुकानदार स्वतः फोन करतो. गावातलं पुस्तकांचं दुकान शालेय वह्यांवर चालणारं असलं तरी चालेल. तालुक्याच्या ठिकाणी स्थानिक लेखकाचं पुस्तक काउंटरवर ठेवायला ते पुण्या-मुंबईपेक्षा जास्त तयार असतात.

प्रती "विक्रीनंतर पैसे" या बोलीवर जातात. चलनावर सही-शिक्का घ्या, तारीख लिहा, तीन महिन्यांनी हिशेबाला जा. संकोच केलात तर पैसेही जातात आणि प्रतीही.

ऑनलाइन विक्रीत काय करावं?

छापील पुस्तकासाठी बुकगंगासारख्या मराठी संकेतस्थळावर नोंद असावीच. परदेशातला मराठी वाचक तिथे शोधतो. अ‍ॅमेझॉनवर फक्त पुस्तकं विकायची असतील तर जीएसटी क्रमांक लागत नाही, कारण पुस्तकं करमुक्त आहेत. मात्र तिथल्या वेगवेगळ्या आकारण्या आणि पाठवणीचा खर्च जाऊन अडीचशेच्या पुस्तकामागे फार थोडं उरतं. ते दुकान शोधणाऱ्याला सापडावं म्हणून ठेवा, नफ्यासाठी नको. पुस्तकाचं नाव देवनागरीत द्या आणि शोधशब्दांत रोमन लिपीतलं स्पेलिंगही घाला. फोनवर मराठी नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करणारे खूप आहेत.

ई-पुस्तक काढायचं ठरलं तर पहिली अडचण फॉन्टची येते. अजूनही अनेक जुळारी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात. छपाईला ते चालतं, पण ई-पुस्तकात त्या मजकुराची नुसती चिन्हं होतात. सुरुवातीलाच युनिकोडमध्ये जुळणी करून घ्या, नाहीतर रूपांतरानंतर अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-पुस्तक केडीपी या सेवेतून स्वतः प्रकाशित करता येतं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर तिच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत जावं लागतं, एरवी ३५ टक्के. सिलेक्टची अट अशी की ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही उपलब्ध असता कामा नये. कादंबरी आधीच प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनाच्या अ‍ॅपवर भागाभागानं टाकली असेल तर ती तिथून काढावी लागेल. आणि ती तिथे चांगली वाचली जात असेल, तर काढण्याआधी दहादा विचार करा. अनोळखी लेखकाला रोज भेटणारे वाचक कुठल्याही टक्केवारीपेक्षा मोलाचे आहेत.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर रोज टाकतो. लाइक येतात, ऑर्डर येत नाही.

कारण रोज एकच गोष्ट जाते : मुखपृष्ठ, किंमत, "आजच मागवा". ती जाहिरात आहे आणि लोक जाहिरात सरकवून पुढे जातात.

पुस्तकातलं साहित्य टाका. प्रत्येक वेळी एक गोष्ट, तीही पूर्ण. अर्धवट तोडून "पुढे काय झालं? वाचा पुस्तकात" केलं की लोक चिडतात. एसटीच्या वाहकानं एका पावसाळी रात्री घाटात अडकलेल्या गाडीचा किस्सा दोनशे शब्दांत नीट सांगावा, शेवटी एका ओळीत पुस्तकाचं नाव आणि नंबर. बस. असे वीस किस्से पुस्तकातून निघतात. ते "विषयाच्या" ग्रुपवर टाका, "साहित्याच्या" ग्रुपवर नको. साहित्याच्या ग्रुपवर सगळेच लेखक असतात आणि प्रत्येकाला आपलं पुस्तक विकायचं असतं. मी असे ग्रुप पाहिलेत जिथे वाचक औषधालाही सापडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टचा संदेश, ज्यांनी तुमचा नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच पोचतो. पुस्तक घेणाऱ्याला पाठवणीचा निरोप देताना "नंबर सेव्ह करा, पुढचं काही निघालं तर कळवीन" एवढं जोडा. ज्यानं एकदा पैसे देऊन पुस्तक घेतलं त्याचं नाव, गाव, नंबर वहीत उतरवा. फेसबुकवरचे पाच हजार मित्र बाजूला ठेवा, ही दोनशे नावांची वही तुमची खरी कमाई. मात्र ती दुसऱ्या लेखकाला वापरायला देऊ नका. लोकांनी नंबर तुम्हाला दिलेला असतो.

पैसे देऊन पोस्ट "बूस्ट" करण्याबद्दल माझं मत वाईट आहे. दोनशे रुपयांच्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळवायलाच तेवढे पैसे जाऊ शकतात. एखाद्या जिल्ह्यापुरती, एखाद्या कार्यक्रमाची माहिती द्यायला थोडे खर्च केले तर ठीक.

टपालानं पाठवायला स्वस्त काय?

१ मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत कमाल १०० रुपये, कर वेगळा, शिवाय पाकीट कुठे पोचलं ते बघता येतं. जमिनीवरून जाते म्हणून वेळ लागतो, तसं वाचकाला आधी सांगा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असणं आवश्यक आहे. छापण्याआधीच एका नमुन्याचं वजन करून बघा. पानं आणि कागद असे ठरवा की पाकिटासह ३०० ग्रॅमच्या आत बसेल. दहा ग्रॅमसाठी प्रत्येक प्रतीला जास्तीचं टपाल भरणारे लेखक आहेत.

वर्तमानपत्रात परीक्षण कसं येईल?

'लोकरंग', 'सप्तरंग', 'संवाद' अशा रविवार पुरवण्यांकडे पुस्तकांचा ढीग येतो. पाठवा, पण वाट बघू नका. जिल्हा आवृत्ती आणि स्थानिक दैनिकं जास्त कामाची. तिथे परीक्षणापेक्षा बातमी किंवा लेख होतो : "निवृत्त वाहकाच्या आठवणी". पुस्तकाच्या विषयावर तुम्हीच सहाशे शब्दांचा लेख लिहून द्या, खाली एका ओळीत पुस्तकाचा उल्लेख. संपादकाला जागा भरायची असते, तुम्हाला नाव पोचवायचं असतं. व्यवसायांची आणि समाजांची मुखपत्रं, संघटनांची मासिकं इथे तर हा लेख हमखास लागतो आणि वाचला जातो.

अ‍ॅमेझॉनवर घरच्या माणसांकडून पाच तारे लावून घेऊ नका. तिथल्या नियमांत ते बसत नाही आणि वाचकालाही एका झटक्यात ओळखू येतं.

ग्रंथालयं घेतात का?

घेतात, आणि अनोळखी लेखकासाठी ही फार मोठी वाट आहे. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांहून अधिक आहेत, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि मिळणाऱ्या अनुदानातला काही भाग त्यांना पुस्तकांवर खर्च करावा लागतो. ग्रंथालय संचालनालयाच्या निवड यादीसाठी पुस्तक पाठवायला विसरू नका. यादीत नाव असलं की ग्रंथपालाला खरेदी सोपी जाते.

पण यादीवर भिस्त ठेवून बसू नका. आधी आपला जिल्हा धरा. आर्थिक वर्षाच्या अखेरीस, मार्चच्या आधी, ग्रंथपालांना प्रत्यक्ष भेटा. मोठी ग्रंथालयं विक्रेत्यांकडून मोठ्या सवलतीनं एकगठ्ठा घेतात, गावातली लहान ग्रंथालयं ओळखीवर आणि विषयावर घेतात. जिल्ह्याशी संबंधित विषय असेल तर क्वचितच नकार मिळतो. जिल्हा ग्रंथोत्सवात टेबल मिळतं का तेही विचारा. तिथे ग्रंथपालच जमलेले असतात.

आणखी एक : १९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चानं प्रती पाठवायच्या असतात. स्वतः छापलंत म्हणजे प्रकाशक तुम्हीच. याचा विक्रीशी संबंध नाही, पण तुमचं पुस्तक पन्नास वर्षांनीही कुठेतरी सापडेल.

साहित्य संमेलनात गाळा घ्यावा का?

एका पुस्तकासाठी नाही. अखिल भारतीय संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात गर्दी प्रचंड असते, पण गाळ्याचं भाडं, राहणं, प्रवास एका पुस्तकाच्या विक्रीतून निघणं कठीण. २०२५ला संमेलन दिल्लीला होतं. चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या लेखकानं गठ्ठे घेऊन तिथवर जायचं म्हणजे हौसच. चार-पाच लेखकांनी मिळून गाळा घेतला तर वेगळं. पुणे पुस्तक महोत्सवासारख्या ठिकाणी असे गट उभे राहू शकतात.

छोटी संमेलनं मात्र सोडू नका. बेळगाव भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत वर्षानुवर्षं मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि तिथला श्रोता दिवसभर मांडी घालून ऐकतो. जाताना पुस्तक घेऊनच जातो. पुस्तकं घेऊन वाचकाच्या गावी जाण्याची ही रीत ग्रंथाली या वाचक चळवळीच्या ग्रंथयात्रांनी मराठीत रुजवली, आणि आज एका लेखकाला एक पिशवी घेऊनही ती चालवता येते.

माझा कवितासंग्रह आहे. त्याला कुठला "विषय"?

कवितेचं गणित वेगळं आहे, हे मान्यच. कवितासंग्रह वाचून विकत घेतला जात नाही, ऐकून घेतला जातो. त्यामुळे दोनशे प्रती छापा आणि वर्षभर जिथे बोलावतील तिथे म्हणा : महाविद्यालयं, २७ फेब्रुवारीचे मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम, कोजागरीच्या मैफली. कविता पाठ म्हणता येत असेल तर निम्मं काम झालं. बोलीत लिहीत असाल, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, तर त्या बोलीचा मुलूख हाच तुमचा वाचक. मुंबई-पुण्यात राहणारे तिथले लोक तर जास्तच हळवे असतात.

आणि कादंबरीला?

कादंबरी अवघड. तिला गाव असतं, धंदा असतो, काळ असतो, त्याला धरून वाचक शोधता येतो. तरीही मी म्हणेन की पहिली कादंबरी छापण्याआधी दोन वर्षं कथा प्रसिद्ध करा. १९०९ला 'मनोरंजन'च्या अंकानं सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा अजून चालू आहे, आणि अंकात कथा आली की ती ग्रंथालयांतून शेकडो हातांत जाते. त्यासाठी साहित्य एप्रिल-मेपासूनच पाठवावं लागतं. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आहे. स्वतःचे पैसे घालण्याआधी तिथे अर्ज करून बघायला काय हरकत आहे?

पुरस्कारासाठी निवड झाल्याचं पत्र आलंय. नोंदणी शुल्क मागतात.

फाडून टाका. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळे विभाग आहेत, तिकडे पुस्तक जरूर पाठवा. पैसे घेऊन ट्रॉफी देणाऱ्यांकडून एकही वाचक मिळत नाही.

ओळखीचे फुकट प्रत मागतात. नाही कसं म्हणू?

आवृत्तीच्या दहा टक्के प्रती वाटायच्या असं आधीच ठरवा आणि त्या कोणाला, ते वहीत लिहा. परीक्षण लिहू शकणारे, विषयातले जाणकार, ज्यांच्या मुलाखती घेतल्या ती माणसं. काकांना, साहेबांना हसत सांगा, "प्रती मोजक्याच आहेत, तुमच्यासाठी एक बाजूला ठेवतो, अडीचशेची आहे, तुम्हाला दोनशेला." पदपथावरच्या जुन्या पुस्तकांत "सप्रेम भेट" लिहिलेली, एकही पान न उलटलेली पुस्तकं किती मिळतात ते एकदा जाऊन बघा. फुकट आलेलं पुस्तक वाचायची घाई कोणाला नसते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लोकांपर्यंत कसं पोचू?

इंदूर, बडोदा, हैदराबाद, गोवा इथल्या मराठी संस्थांना आणि वाचनालयांना एकेक प्रत आणि एक पानाचं पत्र पाठवा. त्या शहराशी पुस्तकाचा काही धागा असेल तर तो पत्राच्या पहिल्याच ओळीत यावा. परदेशी टपाल पुस्तकापेक्षा महाग पडतं, म्हणून तिथे ई-पुस्तक बरं. नाहीतर पुण्याला आई-वडिलांच्या पत्त्यावर पाठवायचं, डिसेंबरात मुलगा येतो तो घेऊन जातो. असे ग्राहक बरेच आहेत.

सहा महिने झाले, शंभर प्रती उरल्यात. आता?

पुस्तकाला तारीख नसते, बातमीला असते. विषयाशी जोडलेला पुढचा दिवस कॅलेंडरवर शोधा : वर्धापनदिन, जत्रा, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, जून-जुलैतली वारी. त्या आठवड्यात पुन्हा किस्से टाका, पुन्हा ग्रुपवर जा. ज्यांनी घेतलं त्यांना फोन करून विचारा, "कसं वाटलं?" आणि आवडलं असेल तरच विचारा, "आणखी कोणाला आवडेल?" माझ्या पाहण्यात दुसऱ्या पन्नास प्रती बहुधा याच फोनांतून जातात. किंमत पाडून पन्नास टक्के सवलत लावू नका, पहिल्यांदा पूर्ण पैसे दिलेल्यांना ते बोचतं. शाळांना संच भेट द्यायला एखादा देणगीदार मिळाला, तर छपाईखर्चाच्या थोडं वर घेऊन त्याला द्या.

आणि उलट झालं, दीड महिन्यात सगळ्या प्रती संपल्या, तर लगेच हजार छापू नका. आणखी दोनशे छापा, पहिल्या आवृत्तीतल्या मुद्रणाच्या चुका तेवढ्या काढून घ्या, आणि मागच्या पानावर वाचकांच्या पत्रांतली दोन-तीन वाक्यं त्यांच्या परवानगीनं टाका.